बांधीतला खाकी शर्ट

वय झालं की माणूस निवळतं, असं मला पुष्कळ जण सांगतात. मी काही निवळले नाही. गडचिरोलीत माझा फोटोचा स्टुडिओ आहे. माझ्या पोराहून लहान मुलंमुली गळ्यात नवे कॅमेरे अडकवून तिथं येतात आणि विचारतात, मॅडम, आम्ही शिकाऊ आहोत, सरावाला कुठं जावं, कधी जावं, काय काय न्यावं. मुलं चांगली असतात. मी त्यांना चहा पाजते, बसवते, सगळं नीट सांगते. पण सांगता सांगता डोळ्यांपुढं एक खाकी शर्ट येतो आणि माझं डोकं तापतं. मग माझा आवाज चढतो आणि त्या बिचाऱ्यांना कळत नाही की मॅडम एकाएकी कुणावर चिडल्या. त्यांच्यावर चिडत नाही. ज्याच्यावर चिडते तो माणूस आता हयात आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही, आणि असला तरी माझा राग कमी व्हायचं काही कारण नाही.

आमचं गाव सिंदेवाहीपासून एसटीनं तासाभराच्या आत. गावाच्या डोक्याशी तलाव, तलावाच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी धरून ठेवणारी शेतं, आणि बांध्या संपल्या की जंगल. बाबा एसटीत कंडक्टर होते. गावात मुक्कामी गाडी यायची, तिच्यावर बरेचदा त्यांचीच ड्युटी असायची, म्हणून ते रात्री घरी आणि पहाटे पुन्हा गाडीवर. तिकिटांची पत्र्याची पेटी ते चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवत आणि बोलताना हाताला चाळा म्हणून तिकिटं टोचायचा चिमटा त्या पेटीवर टिकटिक वाजवत. माझ्या लहानपणचा आवाज म्हटला तर तोच. माय चिडली की म्हणायची, "इथी कोन उतरून राह्यलं, घंटी कायले वाजवता?" आणि बाबा चिमटा खिशात घालायचे. माय बोलायला तिखट. गावात तिच्या तोंडी लागायला सरपंचही कचरायचा. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, उपटून बांधीत लावायच्या दिवसांत, पंधरा-वीस बायांची टोळी घेऊन ती गावभर फिरायची. कुणाची बांधी आधी, कुणाची मागून, कोण पुढं लागणार, कोण पऱ्ह्यांच्या जुड्या, म्हणजे पेंड्या, टाकणार, हे ती ठरवायची आणि त्यावर कुणी वाद घालत नसे.

आता त्या शर्टाचं. धानाचं पातं दिसायला मऊ, पण दिवसभर त्यात हात घातला की कोपरापर्यंत बारीक बारीक चिरा पडतात, त्यात चिखलाचं पाणी जातं आणि रात्री आग आग होते. वर पाठीवर ऊन आणि पावसाची सर आळीपाळीनं. म्हणून आमच्याकडच्या बाया रोवण्यात लुगड्यावरून नवऱ्याचा, नाहीतर पोराचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. कुणाचा चौकटीचा, कुणाचा शाळेचा पांढरा पिवळा पडलेला. आमच्या मायचा एसटीचा खाकी. बाबांच्या अंगावर झिजला की तो तिच्याकडं यायचा. खांद्यावर पट्ट्या, दोन खिसे, एका खिशात तंबाखूची डबी आणि दुसऱ्यात पिना. बाया तिला कंडक्टर बाई म्हणायच्या. तीही मग त्याच तोऱ्यात ओरडायची, चला व, पुढं सरका, मागं जागा नाई. सगळी रांग हसायची आणि हसत हसत एक पाऊल मागं सरकायची, कारण रोवणा मागं सरकतच करायचा असतो.

एकदा मी शिदोरी घेऊन तलावाच्या पारीवरून, म्हणजे वरच्या मातीच्या बांधावरून, जात होते. खाली बांधीत आभाळ उतरलेलं होतं, आणि त्या पाण्यात रंगीबेरंगी शर्टांची वाकलेली रांग, आणि रांगेच्या टोकाला माय. ती उठून उभी राहिली, कमरेवर चिखलाचा हात ठेवला आणि रांग सरळ आहे का म्हणून तिनं एकदा डोळा बारीक करून पाहिलं. बस, एवढंच. मला तो फोटो हवा झाला. त्याआधी मला काही हवं झालं नव्हतं असं नाही, बांगड्या हव्या होत्या, सायकल हवी होती. पण हे वेगळं होतं. जेवताना, झोपताना, वर्गात बसल्यावर मला ती खाकी शर्टातली कमरेवर हात ठेवलेली माय दिसायची.

सिंदेवाहीला मी कॉलेजात होते. त्या साली तिथं फोटो शिकणाऱ्या मुलांचं एक मंडळ निघालं. शिकवायला नागपूरचे एक सर महिन्यातून दोनदा यायचे. त्यांचे फोटो कुठल्याशा कॅलेंडरवर छापून आले होते, आणि ते दर वाक्यात अँगल म्हणायचे, म्हणून आम्ही त्यांना अँगल सर म्हणायचो. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी त्यांचा सत्कार करील. मंडळात मुलगे पुष्कळ आणि मुली दोनच, एक मी आणि दुसरी शबाना. तिच्या अब्बांचं बाजारात घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या अंगाला पासपोर्ट फोटो काढायची खोली. रोलचे कॅमेरे होते ते. मंडळाकडं एक, सरांचा स्वतःचा एक, आणि रोल महाग, त्यामुळं महिनोन्महिने आम्ही रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून फोकस शिकलो. रोल घालून खरंखुरं क्लिक करायचं ते पावसाळ्यातल्या एका आउटिंगला, असं सरांनी जाहीर केलं.

सरांच्या डोक्यात वाघ होता. जंगलाच्या गेटवर जाऊ म्हणाले. मग कळलं की पावसाळ्यात गेट बंद. मग ते म्हणाले, तुम्ही इथली मुलं, तुम्हीच सुचवा. मुलग्यांनी धबधबा सुचवला, देऊळ सुचवलं. मी उठून आमच्या गावचा रोवणा सांगितला. तलावाची पार सांगितली, बांधीतलं पाणी सांगितलं, रांग सांगितली. शर्ट सांगितला नाही, तो मी माझ्यासाठी ठेवला होता. सर खूश झाले. म्हणाले, जागा तुझी, तर आखणीही तूच कर, आणि आखणी नीट झाली तर रोल घातलेला कॅमेरा सगळ्यांच्या आधी तुझ्या हातात देईन. चांगला आलेला फोटो गडचिरोलीच्या प्रदर्शनात लागणार होता. मला प्रदर्शनाचं काही नव्हतं. मला कॅमेरा हवा होता आणि त्यात माय हवी होती.

मग मी आणि शबाना आखणीला लागलो. आज मी लग्नांची मोठमोठी कामं आखते, चार-चार माणसं हाताखाली असतात, पण तितक्या मनापासून मी पुन्हा काही आखलं नाही. शबाना दोन रविवार आमच्या घरी येऊन राहिली. आम्ही पहाटे उठून पारीवर जाऊन बसायचो, सूर्य कुठून येतो, उजेड पाण्यावर पडून कुठं जातो, बायांची तोंडं कोणत्या बाजूनं दिसतात, ते बघायचो. बांध्यांमधला कोणता धुरा, म्हणजे बांध, पक्का, कोणता पाय ठेवला की खचतो, हे पाहून ठेवलं. पावसाची सर आली तर कॅमेरे कुठं ठेवायचे, तर शाळेच्या व्हरांड्यात. तोवर कॅमेऱ्यावर काय, तर शबानाच्या अब्बांनी खताच्या कोऱ्या पिशव्या कापून दोऱ्या लावून दिल्या. बुटांनी बांधीत उतरायचं नाही, रोवलेल्यात पाय टाकायचा नाही, बायांना विचारल्याशिवाय जवळून फोटो घ्यायचा नाही, हे सगळं मी सरांना सांगितलं आणि ते मान डोलावत गेले. आमच्याकडं अजून एक रीत आहे, तीही सांगितली. रोवण्याच्या बांधीत पाहुणा आला की तो कोरडा परत जात नाही. एक पेंडी हातात घेऊन, पाण्यात उतरून, ती रोवूनच त्यानं निघायचं. कुणी कितीही मोठा असो. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रातले एक साहेब मागं वाण बघायला आले होते, त्यांनीही पँट गुडघ्यावर सारून पेंडी लावली होती आणि बायांनी त्यांची रांग वाकडी म्हणून त्यांना हसून घेतलं होतं. सर म्हणाले, वा, याचाही फोटो घेऊ.

मायनं माझ्यापेक्षा जास्त केलं. आखणी आमच्या चुलीपाशीच चालायची, म्हणून तिला सगळं ऐकू जायचं. उजेड समोरून पाहिजे हे तिच्या कानावर पडलं आणि तिनं तलावाखालची आमची बांधी त्या रविवारसाठी राखून ठेवली. दुसऱ्यांच्या बांध्या आधी उरकल्या. टोळीतल्या गिरजा आत्या, वयानं सगळ्यांत मोठ्या, कुरकुरल्या की पऱ्हे मोठे होऊन राह्यले, किती दिवस थांबवतं. माय म्हणाली, माह्या पोरीले उजेड पाहिजे. हे तिनं इतक्या सहज सांगितलं, जणू मीठ पाहिजे. आदल्या दिवशी तिनं जंगलाकडून वास्ते आणवले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते चिरून, रात्रभर पाण्यात ठेवून, पहाटे त्यांची भाजी टाकली. अंबाडीची भाजी, लाखोळीच्या डाळीचं वरण, मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून भात. शहरातले पोट्टे खातील का, अशी मी शंका काढली, तर म्हणाली, भुकेलं तं खाईन. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते आणि ती आनंदात होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे झालं ते या आनंदी बाईचं झालं.

रविवारी सकाळी बाबांच्याच गाडीनं सर आणि मुलगे आले. बाबा दारात उभे राहून एकेकाला उतरवत होते, चिमटा टिकटिक वाजवत होते, आणि सरांना म्हणाले की आमची पोरगी दोन आठवडे झोपली नाही जी. मग घंटी वाजली आणि गाडी पुढं गेली. गंज शाळेच्या व्हरांड्यात झाकून ठेवला आणि मी सगळ्यांना पारीवर नेलं. नुकतीच पावसाची सर येऊन गेली होती, आभाळ फाटून ऊन पडलं होतं, पाणी लखलखत होतं. खाली रांग लागलेली होती आणि बायांचं गाणं चाललं होतं. मी ज्या उजेडासाठी दोन आठवडे पारीवर बसले होते तो आयता आला होता. मी सरांकडं पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"हे काय घातलंय यांनी?" ते म्हणाले.

मी सांगितलं, शर्ट आहेत, पातं कापतं म्हणून घालतात. ते म्हणाले की ते सगळं ठीक, पण फोटोत हे भंगार दिसेल, यात सौंदर्य कुठं आहे, आपण इथं चिंध्यांचे फोटो काढायला आलो का. त्यांना हिरवी लुगडी, उघडे हात, ओलं अंग असं पाहिजे होतं. ओलं अंग हा शब्द त्यांनी वीस मुलग्यांसमोर वापरला आणि मुलगे गालात हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं. सर म्हणाले, पंधराच मिनिटं काढायला सांग, आणि तो पुढचा खाकी तर आधी, पोलीस कॅम्पातला शिपाई चिखलात उतरलाय असं वाटतंय. मी म्हटलं, सर, ती माझी आई आहे.

"मग तर सोपंच झालं," सर म्हणाले.

मी गेले नाही. मी नाही म्हटलं. तर ते स्वतः धुऱ्यावरून बुटांनी खाली गेले आणि मोठ्यानं, गोड आवाजात मायशी बोलले. तुमच्या मुलीनं एवढी मेहनत घेतली आहे, तिचा फोटो प्रदर्शनात लागणार आहे, एवढं सहकार्य करा, नाहीतर सगळे रोल वाया जातील आणि नाव तिचं खराब होईल. गाणं थांबलं होतं. सगळ्या बाया मायकडं बघत होत्या. मला वाटलं, आता ही याची गुर्मी अशी उतरवेल की हा नागपूरला चालत जाईल. सरपंचाला न घाबरणारी माझी माय. तिनं पारीवर उभ्या असलेल्या माझ्याकडं एकदा पाहिलं. मग तिनं हात धुतले, शर्टाच्या गुंड्या काढल्या आणि शर्ट धुऱ्यावरच्या पळसाच्या झुडपावर टाकला. तिनं काढला तशा बाकीच्यांनीही काढले, एकेकीनं, एकमेकींकडं न बघता.

मायचा ब्लाऊज काखेत उसवलेला होता. रोवण्यात कोण चांगला ब्लाऊज घालतं? वर शर्ट असतो. पिन लावलेली होती, तीही धड नव्हती. पुढची पंधरा मिनिटं, जी पंधरा मिनिटं नव्हतीच, मी पारीवरून पाहत होते. मुलगे धुऱ्यावर उकिडवे बसले होते. सर सांगत होते, वाका, अजून वाका, मान इकडं, हसा, आता गाणं म्हणा. गाणं कुणीही म्हटलं नाही. रोवलेली पेंडी पुन्हा उपटून पुन्हा रोवायला लावली, कारण सरांचा क्लिक चुकला. शबाना माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात अब्बांनी कापून दिलेल्या त्या पिशव्या होत्या आणि ती त्यांची घडी घालत होती, उलगडत होती, घडी घालत होती.

मग सरांनी हाक मारून मंडळाचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, बघ, मी शब्दाचा पक्का आहे. मी बांधीच्या कडेला गेले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत माय आली. उजेड जसा पाहिजे तसा होता, अगदी तसाच. माय उजव्या हातानं रोवत होती आणि डावा कोपर तिनं अंगाशी घट्ट दाबून धरला होता, काखेतलं उसवलेलं दिसू नये म्हणून. रांगेच्या टोकाला उभी राहून सगळ्यांची रांग सरळ करणाऱ्या बाईची रांग वाकडी येत होती. मी कॅमेरा खाली घेतला.

"माय, शर्ट घाल," मी म्हटलं.

सर म्हणाले, शर्ट घातला तर कॅमेरा पुढच्याकडं जाईल. मायनं वर पाहिलं.

"तुया फोटो जाईन न व," ती म्हणाली.

"जाऊ दे. तू घाल."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मला वाटतं, मी रागानं बोलते आहे की खरंच म्हणते आहे, हे ती पाहत होती. मग तिनं झुडपावरचा शर्ट ओढला आणि चिखलाच्या हातांनी घातला, गळ्यापर्यंतच्या सगळ्या गुंड्या लावल्या, एरवी ती वरची गुंडी कधी लावत नसे. तोवर सरांनी माझ्या गळ्यातून कॅमेऱ्याचा पट्टा काढून घेतला होता. पट्टा काढताना माझी वेणी त्यात अडकली आणि त्यांनी ती ओढून सोडवली. आणि त्याच वेळी माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मागं वळली, डोळा बारीक करून रांग पाहिली आणि बायांना म्हणाली, घाला व आपआपले. मागं पाणी, पाण्यात आभाळ, एकेक शर्ट अंगावर चढणारी रांग. तो फोटो माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा होता आणि माझे हात रिकामे होते.

सर म्हणाले, चला, इथं आता काही नाही. धुऱ्यावरून निघायला लागले तर गिरजा आत्या वाटेत पेंडी घेऊन उभ्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. त्यांनी रीत सांगितली आणि पेंडी पुढं केली.

"शर्ट काढून ठेवा जी," त्या म्हणाल्या. "चिखल लागते त्याले."

मागून एक-दोन बाया फिसकन हसल्या. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेंडी घेतली नाही आणि आत्या वाटेतून हलल्या नाहीत. मग त्या माणसानं काय करावं? बाजूला सकाळीच रोवून झालेला बांधीचा कोपरा होता. त्यातून तो बुटांनी चालत गेला. सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि सर गेले म्हणून मुलगेही त्याच्या मागं, एकामागं एक. कोवळे पऱ्हे बुटांखाली दाबले जाऊन चिखलात गेले. माझ्या हयातीत मी आमच्या भागात कुणाला असं करताना पाहिलेलं नाही, गुराख्याचं अजाण पोरही करत नाही. ते पलीकडं पोचले तेव्हा माय त्या कोपऱ्यात गेली, वाकली आणि दबलेला एकेक पऱ्हा बोटानं वर काढून पुन्हा लावू लागली. मी चपला काढून तिच्या शेजारी उतरले. शबानाही सलवार खोचून उतरली. तिनं जन्मात धान लावलं नव्हतं.

जेवण मात्र त्यांनी केलं. शाळेच्या व्हरांड्यात बसून वास्त्यांची भाजी, अंबाडी, भात, सगळं संपवलं आणि गंज न घासता, झाकण बाजूला टाकून दुपारच्या गाडीनं गेले. माय तो गंज घासत बसली होती तेव्हा मी पुष्कळ ओरडले. सरांवर ओरडायचं राहिलं होतं, ते सगळं तिच्यावर ओरडले. तू काढलाच काऊन, असं विचारलं. ती राख लावून घासत राहिली. म्हणाली, मले वाटलं, तुले कॅमेरा भेटते. एवढंच. त्या उत्तरानं माझा राग विझायला हवा होता. तो उलट वाढला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तो तसाच पेटलेला आहे. आता बांध्यांमध्ये लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, वर ड्रोन फिरतो, नवरीमुलगी हातात पेंडी धरून हसते, आणि बाजूच्या धुऱ्यावर खऱ्या रोवणाऱ्या बायांना जरा बाजूला व्हा म्हणून सांगतात. मी अशी कामं घेत नाही. गिऱ्हाईक विचारतं का, तर सांगते, माझी मर्जी.

मंडळातून माझं नाव गेलं. हिवाळ्यात गडचिरोलीला प्रदर्शन लागलं, ते शबानाकडून कळलं. ती म्हणाली, तू येऊ नको. आली की रडशील. काय आहे, ते सांगेना. मायनं हे ऐकलं आणि म्हणाली, जाऊन पाहू. बाबांची ड्युटी त्या आठवड्यात गडचिरोलीच्या गाडीवर होती. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, हातात कापडी पिशवी घेतली. मला वाटलं, पिशवीत शिदोरी असेल.

हॉल मोठा होता. साहेब लोक आले होते, पोलीस खात्यातले, शाळांचे, हारतुरे चालले होते. समोरच्या भिंतीवर, मधोमध, सगळ्यांत मोठ्या फ्रेममध्ये आमची माय. खाली सरांचं नाव, आणि वर शीर्षक, निसर्गकन्या. सबंध वेळ दाबून धरलेला तो डावा कोपर तिनं कधीतरी क्षणभर वर केला असेल, कपाळावरचा घाम पुसायला. नेमकं तेवढंच सरांनी धरलं होतं. पिन सुटलेली, काख उघडी, ब्लाऊज उसवलेला, आणि उजेड मी निवडलेला. लोक येत होते, मान तिरकी करून बघत होते, छान म्हणत होते. मी मायचा हात धरून परत फिरवायला लागले. ती हलली नाही. तिनं तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला, जशी ती रांग पाहायची तशी, डोळा बारीक करून.

सरांनी तिला ओळखलं. शरम वाटायच्या ऐवजी त्यांना आनंद झाला. ते पाहुण्यांना म्हणाले, बघा, फोटोतल्या बाई प्रत्यक्ष आल्या, आणि मायला म्हणाले, उभ्या राहा तिथं बाजूला, एक फोटो घेतो. गळ्यातला कॅमेरा त्यांनी हातात घेतला. सगळे वळून बघू लागले.

"थांबा जी," माय म्हणाली.

तिनं पिशवीतून बाबांचा खाकी शर्ट काढला. धुतलेला होता, घडी घातलेली होती, बाह्यांवर चिखलाचे जुने डाग होते. तिनं तो झटकला, टाचा उंच केल्या आणि फ्रेमच्या दोन्ही कोपऱ्यांवरून खांदे नीट बसवून तो फोटोवर चढवला. मग एकेक गुंडी लावली. खालून वर. गळ्याजवळची शेवटची गुंडी लावून तिनं हातानं पुढची बाजू सारखी केली आणि फ्रेमच्या शेजारी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काढा आता," ती सरांना म्हणाली. "आता दिसून राह्यली मी."

सरांनी कॅमेरा खाली घेतला. कुणीच फोटो काढला नाही, आणि माझ्या हातात तेव्हाही कॅमेरा नव्हता.